प्रस्तावातलं ‘कंडेम’

मी एक जुना टाइपरायटर. जन्म विलायतेतला, उमेदीची वर्षं तंजावरच्या कचेरीत, म्हातारपण कुंभकोणमच्या टायपिंग क्लासात. कचेरीत साहेब माझ्या स्वच्छ अक्षरांची तारीफ करीत. इथे मुलं बोटं आपटतात. तेल कुणी घालत नाही.

मित्रांनो, आयुष्याची कहाणी इथेच सोडतो. एक संध्याकाळ सांगतो.

साल १९५४. इथल्याच मेलकावेरी भागातल्या भजनमंडळाचा नियम कडक: एकादशीच्या भजनातून आरतीआधी उठायचं नाही. मृदंगवाले चंद्रमौलीराव उठले आणि तिरुविडैमरुदूरला एका लग्नात वाजवायला गेले. मंडळाने त्यांच्याविरुद्ध प्रस्ताव केला. भजन होई त्या मठाच्या दाराला तो लागला, की त्यांनी मंडळात पुन्हा मृदंगाला हात लावायचा नाही.

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ही माणसं घरात मराठी बोलत, रस्त्यात तमिळ. पण असं गंभीर काही आलं, की त्यांना इंग्रजीच लागे. मसुदा वैद्यनाथरावांचा, ते कोर्टातले निवृत्त कारकून. टाइप करणारी आमच्या क्लासातली पंकजा, चंद्रमौलीरावांचीच मुलगी.

धिस मीटिंग स्ट्राँगली कंडे—

बोटं थांबली.

“काका, कंडेम म्हणजे नेमकं काय?”

“धिक्कार, बाळ. वजनदार शब्द आहे.”

“कुणासाठी वापरतात?”

“लढाई पेटवणाऱ्यांसाठी. खुन्यांसाठी. जज फाशी सुनावतात तेव्हा—”

“मग आमच्या अप्पांनी कुणाला मारलं?”

मंडळाचे अध्यक्ष गुरुमूर्तिराव शेजारीच बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते दचकले.

“ऐयो, वैद्यनाथा! फाशी? मला एवढंच म्हणायचं होतं, की आरती सोडून गेलास, चुकलास, जरा लाज वाटू दे.”

“त्याला डिसअप्रूव्ह म्हणतात,” वैद्यनाथराव पुटपुटले. “पण ते अगदीच मिळमिळीत. फाइलीवर लिहितात तसं.”

“एक शब्द गळा कापतो, दुसरा तोंडही उघडत नाही! आपल्याकडे रागावणं आहे ना?”

“ते टाइप कसं करायचं?”

“नको करूस.” गुरुमूर्तिरावांनी चपला घातल्या. “चल पोरी. बाप घरीच आहे ना तुझा?”

मी तोंडात अर्धी ओळ धरून रात्रभर बसलो.

सकाळी क्लासात पंकजाने विशालाक्षी या मैत्रिणीला सांगितलं. गुरुमूर्तिराव इतके रागावले, की शेजारी ओसरीवर आले. अप्पांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग आईने दोघांपुढे कॉफी ठेवली, आणि पुढच्या एकादशीला मृदंगावर कोण, हे विचारायची गरजच उरली नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल घाला, काम झालं की झाकून ठेवा. आणि कुणाचा धिक्कार टाइप करायला बसाल, तर आधी त्याच्या घरी जाऊन रागावून या. कॉफी मिळाली, तर कागद वाया जाऊ द्या.