अनुसूयाची चूक

“अनुसूयाबाई, हे एवढं पान फेअर करून द्या,” पद्माकर सरांनी रजिस्टर पुढे सरकवलं. “तो ‘चुकून’ शब्द तेवढा गाळा. जर्नलवाले ओरिजिनल रेकॉर्ड मागताहेत.”

अक्षर तिचंच होतं. बनशंकरीहून बस धरून बावीस वर्षं ती या प्रयोगशाळेत येत होती. माणसाच्या पेशी काचेच्या नळीत अलगद फोडून त्यांची केंद्रकं सुटी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बर्फाच्या पाण्याने झाकणांवरची शाई पुसली गेली आणि तिने म्हाताऱ्या पेशींच्या केंद्रकांवर भलताच रस घातला, जोमाने वाढणाऱ्या पेशींचा. दुसऱ्या कुणी गुपचूप ओतून दिलं असतं. हिने लिहून ठेवलं, ‘चुकून घातला. अनुसूया.’ आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके चमकले! डीएनएची नक्कल करणं कायमचं सोडलेली ती केंद्रकं पुन्हा कामाला लागली होती. सर अक्षरशः नाचले होते. “पेपरात तुमचं नाव घालणार,” म्हणाले होते.

आता पेपर तयार होता. नावं पाच, तिचं नाही. आत लिहिलं होतं, ‘आम्ही असा तर्क केला की...’

“तर्क कधी केलात, सर? मी चुकले म्हणून झालं की ते.”

“अहो, चुकून झालं असं सायन्समध्ये कुणी लिहितं का? आणि शेवटी आभार मानलेत ना तुमचे!”

“नाव राहू दे, सर. पण खोटं लिहायला मला नाही जमायचं.”

“सरी,” सर म्हणाले. ‘बरं’ म्हणायला एवढं एक कन्नड त्यांना उत्तम यायचं. “यशश्री लिहील.”

शेजारच्या टेबलावर बसलेल्या यशश्रीला नळी धरायलासुद्धा अनुसूयानेच शिकवलं होतं. पोर तिला अक्का म्हणायची, हक्काने तिच्या डब्यात हात घालायची. सरांकडून अनुसूयाला आता कसलीच आशा नव्हती, पण ही नाही म्हणेल असं तिला खरंच वाटलं.

यशश्रीने मान खाली घातली आणि पेन उघडलं.

पहिल्याच ओळीवर यशश्री अडली.

“अक्का, तारखेत हा एक आहे की सात?”

काहीही सांगता आलं असतं.

“सात,” अनुसूया म्हणाली. “सात मार्च.”