उबदार भिंत

शेवंताबाईंना एक वेळ लेकाला नावं ठेवलेली चालायची, सुनेला ठेवलेली चालायची, पण चुलीला नाही. बोनकोड्यातलं कौलारू घर पाडून तीन मजले चढवले, तेव्हा त्यांनी नवऱ्याला, वामनरावांना, एकच अट घातली: तळमजल्यावर माझी चूल राहील. बिचाऱ्याने स्वतः उभं राहून चुलीपासून थेट गच्चीपर्यंत विटांचं धुराडं बांधून घेतलं. जुन्या चुलीतला विस्तव घमेल्यातून नव्या चुलीत आला. सासूने हाती सोपवलेला विस्तव तो! रोज रात्री राखेखाली झाकायचा, पहाटे फुंकर घालून जागा करायचा. वामनरावांना जाऊन चार वर्षं झाली होती, पण विस्तव एकदाही विझला नव्हता.

आणि आता कुंदन, पोटचा पोरगा, म्हणत होता की पहिल्या मजल्यावर धुराचा वास येतो, चूल काढून टाकू.

"माजे चुलीचा धूर सरळ वरती जातो," शेवंताबाई कडाडल्या. "कोनाच्या घरान शिरत नाय. तुझ्या बापाने बांधलंय ते धुराडं!"

सून सुचिता शहाणी. ती भांडणात पडली नाही. तिने दिघ्याहून संघर्ष नावाच्या कारागिराला बोलावलं. हॉटेलांच्या भट्ट्यांना धुराडी बसवणं हा त्याचा धंदा. त्याने आत टॉर्च मारून पाहिलं.

"आजी, चूल तोडायची गरज नाय," तो म्हणाला. "या विटांच्या आतून वरपर्यंत स्टीलची नळी सोडू आणि चुलीतच दाराची लोखंडी शेगडी बसवू. वर तुमचा तवा बसंल. टेन्शन खल्लास."

"चुलीला दार? आनि माज्या नवऱ्याच्या कामान नळी?"

"मग टेस्ट घेऊ. धुराडं वरून बंद करतो, खाली धूर करतो. कुठं गळला नाय, तर मी निघालो."

"गळंल कसा?" शेवंताबाई पदर खोचत म्हणाल्या. "नाय गळला, तर कुंदन, परत चुलीचं नाव काढायचं नाय."

"आणि गळला तर?"

"तर चूल तुझी. तुला काय करायचं ते कर."

संघर्षने गच्चीवर धुराड्याच्या तोंडावर भिजवलेलं गोणपाट टाकलं आणि खाली चुलीत नारळाची ओली, काथ्याची सोडणं धुमसत ठेवली. शेवंताबाई सगळ्यांच्या पुढे जिना चढल्या. लढाई जिंकल्याच्या थाटात!

पहिल्या मजल्यावर शर्मिला भाड्याने राहायची. ऐरोलीच्या एका कंपनीत ती नोकरीला होती आणि तिची चार वर्षांची पायल म्हणजे शेवंताबाईंचा जीव की प्राण. पोरगी सारखी खोकायची. डॉक्टर बदलून झाले होते. शेवंताबाई रोज संध्याकाळी तिच्यासाठी ओव्याचा काढा करायच्या, त्याच चुलीवर.

खोलीत पाच मिनिटं काहीच झालं नाही. शेवंताबाई लेकाकडे बघून गालात हसल्या. मग संघर्षने धुराड्याच्या भिंतीलगतचा पायलचा छोटा पलंग पुढे ओढला. मागे, अगदी उशीच्या उंचीवर, प्लास्टरला केसाएवढी भेग होती. तिच्यातून धूर निवांत बाहेर येत होता.

"मोठा जाळ असला की धूर वर खेचला जातो," संघर्ष हळूच म्हणाला. "पण रातच्याला झाकलेला विस्तव नुसता धुमसतो. धुराडं गार पडतं. मग धूर असा बाजूला शिरतो."

शर्मिलाला अजून नीट उमगलं नव्हतं. "पण आजी," ती म्हणाली, "ही भिंत उबदार असते, लेकराला इथंच झोपव, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

हो, त्यांनीच. मायेनेच सांगितलं होतं. भिंतीला धरून शेवंताबाई खाली उतरल्या, पाण्याची कळशी उचलली आणि चुलीत उपडी केली. सुचिता धावली, "अहो आई, विस्तव!"

"पोरीच्या छातीपरीस मोठा हाय का तो?" एवढंच त्या बोलल्या.

कुंदनने पैज जिंकली होती, पण त्याने चूल तोडली नाही. "चूल माझी ना आता? मग मी ठेवणार," तो म्हणाला आणि संघर्षला नळी बनवायला सांगितली.

दहा दिवस घरात गॅसवरची भाकरी. पायलला शर्मिलाने दुसऱ्या भिंतीशी झोपवलं होतं आणि तिचा खोकला उतरत चालला होता. शेवंताबाईंना आनंदही तोच आणि टोचणीही तीच. इतक्या काढ्यांनी जे झालं नाही, ते एका कळशीने झालं होतं.

अकराव्या दिवशी संघर्षने गच्चीवरून दोरीने चकचकीत नळी आत सोडली, खाली शेगडीला घट्ट जोडली आणि भेग बुजवली. "आजी, पेटवा आता. तुमच्या हाताने."

शेवंताबाईंनी काडेपेटी सुचिताच्या हातात दिली. "तू पेटव. आनि चांगली धुमसू दे." स्वतः वर गेल्या आणि बुजवलेल्या भेगेला नाक लावून बसल्या. तास झाला, दीड तास झाला. पायलला गंमत वाटली, तीही शेजारी येऊन भिंत हुंगू लागली.

"आजी, वास आला!"

शेवंताबाई तिच्याकडे वळल्या. "कसला गं?"

"भाकरीचा!"

त्यांनी पुन्हा भिंतीला नाक लावलं. नुसता सिमेंटचा वास. मागे वळून पाहिलं, तर दारात सुचिता गरम भाकरीची ताटली घेऊन उभी.

शेवंताबाईंना रडू आवरेना. त्यांनी पायलला जवळ ओढलं, तिच्या पाठीला कान लावला आणि श्वास ऐकत राहिल्या. सुचिताच्या हातातली भाकरी गार झाली, तरी त्यांनी कान काढला नाही.