बुवांचा खोकला

"ही थुंकी आहे, बुवा. बेडका नाही."

शशिकलाताईंनी बंद बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि जराशी हलवली. आतलं पाणी तीर्थासारखं स्वच्छ डुचमळलं. "इतकी निर्मळ वस्तू लॅबवाले घेत नाहीत हो. 'पुन्हा आणा' म्हणून परत पाठवतात."

काशिरामबुवांनी काउंटरपलीकडे मान खाली घातली. त्यांच्या मागे भामाबाई उभ्या होत्या. त्या एवढ्याचीच वाट पाहत होत्या.

"मी सांगितलं व्हतं ताई, उठल्या उठल्या द्या म्हनून. पन नाय! आदी दात घासले, आंगोल केली, देवाला हात जोडले, न् मंग बाटली घेतली!"

"कुनाच्या हातात द्यायची वस्तू," बुवा पुटपुटले, "जरा साफसूफ नको?"

शशिकलाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते मास्कच्या आत ठेवलं. चोवीस वर्षं त्या डॉक्टर पद्मजाबाईंच्या या दवाखान्यात, पनवेलच्या जुन्या बाजारात, याच काउंटरवर बसत होत्या. लघवी, शौच, बेडका, काय काय म्हणून या टेबलावर येऊन गेलं नव्हतं! कुणी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणी, कुणी मिठाईच्या खोक्यात. एका आजोबांनी तर दूर्वांच्या जुडीखाली लपवून आणली होती. प्रत्येक जण चोरी केल्यासारखा बाटली पुढे सरकवी आणि नजर चुकवी. शशिकलाताई मात्र पाहुण्यांचं ताट घ्यावं तशी ती दोन्ही हातांनी घेत. हातमोजे घातलेले, पण दोन्ही हातांनी. मग नाव विचारत, पेशंटकडून मोठ्यानं वदवून घेत आणि चिठ्ठीवर लिहून चिकटवत. चिठ्ठी नेहमी बाटलीवर, झाकणावर कधीच नाही. झाकणं बदलतात, हे त्यांनी पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं.

"लोकांच्या बाटल्या उचलते," असं त्यांची जाऊ लग्नकार्यात चारचौघींत म्हणायची. आधी वाईट वाटे. मग एकदा मारुतीच्या देवळात कीर्तनकारांनी विचारलं, "देव देहात राहतो म्हणता, तर त्याच्या घरातला केर काढायला लाजता कशाला?" सगळी सभा हसली. शशिकलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून जाऊबाईंचं बोलणं त्यांना कधी टोचलं नाही.

घड्याळात सव्वादहा झाले होते. लॅबची रंजिता अकराच्या ठोक्याला स्कूटरवरून पेटी घेऊन येई आणि पाच मिनिटांत निघून जाई.

"उद्या देऊ या का?" ताईंनी विचारलं.

"उद्या नाय चालनार ओ!" भामाबाईंचा आवाजच चिरकला. "आज सांजेला नातीचं उष्टावन हाय. रेवाला पाचवा म्हैना चाललाय. तिचा मामा उद्या परत बोटीवर जातोय, मंग सहा म्हैने यायचा नाय. मामा भरवल, पन मांडी आज्याची पायजे ना?"

"मग घ्यावी की मांडीवर! डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांपूर्वीच सांगितलंय, आता यांच्यापासून कुणाला धोका नाही."

"त्येच सांगा यांना!"

बुवांनी आता कुठे वर पाहिलं. ओवे गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पुढे उभा राहणारा हा माणूस. आवाज असा की पखवाजवाल्याला हात आखडता घ्यावा लागे. क्षयाचं निदान झालं त्या दिवशी त्यांनी टाळ खुंटीला लावले आणि मारुतीपुढे नवस बोलले: शेवटच्या तपासणीचा कागद साफ येईपर्यंत टाळ हातात घेणार नाही, गाणार नाही. पुढे रेवा जन्मली, तेव्हा नवसात तीही आली. चार महिने उलटले, आजोबा उंबऱ्याबाहेरूनच नातीला बघत होते.

"बाईंचा शब्द खोटा नाय," बुवा शांतपणे म्हणाले. "पन तान्ह्या जिवाचा सवाल हाय, ताई. कागद आल्याबिगर माजा हातच पुडं व्हत नाय."

"ठीक आहे," शशिकलाताई उठल्या. "अजून पाऊण तास आहे. चला मागे."

दवाखान्याच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा होती. बेडका द्यायला पेशंटला तिथेच, उघड्या हवेत पाठवायचे. ताईंनी नवी बाटली दिली आणि दारातून सूचना केल्या. "साध्या पाण्यानं चूळ भरा. खोल श्वास घ्या. आता पोटातून खोका."

बुवा खोकले. ते खोकणं म्हणजे सभेत बोलायला उठलेल्या माणसाचं घसा खाकरणं. पुन्हा खोकले. काही नाही. भामाबाईंनी पाठ चोळली, गरम पाणी पाजलं. काही नाही.

"सहा म्हैने रातभर खोकून घर डोक्यावर घेत व्हते," भामाबाई वैतागल्या, "न् आता पायजे तर बगा!"

"अगं, नाय येत तर काय करू? हायच नाय आत!"

आता हसावं की रडावं? माणूस बरा झाला म्हणून बेडका येत नाही. बेडका येत नाही म्हणून बरा झाल्याचा कागद मिळत नाही. दहा चाळीस झाले. बुवा टाकीला टेकून उभे राहिले. रिकाम्या बाटलीकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. "जाऊ दे ताई. उष्टावन मामाच्या मांडीवर व्हईल. नशिबात नाय."

ते 'नाय' शशिकलाताईंना लागलं. त्यांचे यजमान असताना दोघं जोडीनं कीर्तनाला जात. ते पुरुषांच्या बाजूला, या बायकांच्या. गजर टिपेला गेला की दोन्हीकडून नजरा भेटत. तसल्या टिपेला माणसाचा श्वास कुठून निघतो हे त्यांनी पाहिलं होतं. बेंबीच्या देठापासून.

"बुवा," त्या म्हणाल्या, "गजर करा."

बुवा दचकले. "नवस हाय ना माजा!"

"नवस गाण्याचा आहे. मी गायला कुठे सांगतेय? नाव घ्या म्हणतेय. मारुतीपुढे उभं राहून तुम्ही देवाचं नाव घेणार नाही असा नवस बोललात? त्यानं तरी ऐकून घेतला असता का?"

बुवांनी भामाबाईंकडे पाहिलं. भामाबाईंनी पदर खोचला आणि टाळ्यांचा ठेका धरला. एक, दोन, एक, दोन.

"विठ्ठल..." आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला. "विठ्ठल विठ्ठल..." दुसऱ्या वेळी कडी सुटली. तिसऱ्या वेळी दार सताड उघडलं! तो आवाज टाकीवरून, जिन्यावरून, औषधांच्या खोक्यांवरून थेट पुढच्या खोलीत शिरला. बाकावरच्या एका आजींनी ताल धरला. सुकापूरहून आलेली ऋचा मोबाइलवर काहीतरी ऐकत बसली होती, तिनं कानातली बोंडं काढली. खुद्द पद्मजाबाई कानातला स्टेथोस्कोप तसाच ठेवून खिडकीशी आल्या.

लय चढली. बुवांचे डोळे मिटलेले, मान मागे गेलेली. शेवटच्या टिपेला त्यांनी छातीभर श्वास ओढला आणि तिथेच खोल कुठेतरी काहीतरी हललं. गजर तुटला. खोकला आला. खरा, पोटातून, कमरेत वाकवणारा.

"बाटली! बाटली तोंडाशी धरा!" शशिकलाताई ओरडल्या.

थोडासाच होता, पण होता. झाकण लावलेली बाटली बुवांनी पुढे केली, तेव्हा त्यांचे डोळे खोकल्यानं वाहत होते आणि भामाबाईंचे खोकल्याविना.

"आला ओ ताई, आला!"

"घरात पोरगं झाल्यावाणी काय सांगतेस?" बुवा लाजले.

ताईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. "नाव सांगा."

"काशिराम," बुवा म्हणाले. आज पहिल्यांदाच नजर न चुकवता म्हणाले.

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. रंजितानं पेटी उघडली. "हे लवकर तपासायला सांग गं," ताई म्हणाल्या. "एका मुलीचं जेवण खोळंबलंय."

जाता जाता ऋचा म्हणाली, "ताई, पुढची अपॉइंटमेंट बुवा असतील त्याच दिवशी द्या."

संध्याकाळी पावणेसहाला मोबाइलवर रिपोर्ट आला. ताईंनी आधी नावावरून बोट फिरवलं, मग आत जाऊन डॉक्टरबाईंना दाखवला. पद्मजाबाईंनी वाचला, चष्मा काढला. "जंतू नाहीत. औषधं पूर्ण झाली, बुवा बरे झाले. शशिकलाताई, तुम्हीच सांगा. तुमचा मान आहे."

फोन भामाबाईंनी उचलला. मागे माणसांचा गलबला, ताटांचा आवाज. "बुवांना द्या," ताई म्हणाल्या.

"बोला ताई."

"काशिरामबुवा, कागद साफ आला."





फोन कुठेतरी ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. मग लांबून भामाबाई, "अवो, हलू! मान धरा तिची, मान!" गलबला एकाएकी थांबला. त्या शांततेत वाळ्यांची बारीक किणकिण आली आणि फोनच्या अगदी जवळ, ऐकू येईल न येईल अशा आवाजात, कुणीतरी गुणगुणायला लागलं.

"ताई, माझा नंबर कितवा?" समोरच्या पेशंटनं विचारलं.

शशिकलाताईंनी एक बोट वर केलं. थांबा. आणि फोन कानाशी तसाच धरून, देवळात आरती सुरू झाली की उठतात तशा, त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.