खाण्यापिण्याचं खातं

"बाई, बाटली कुठली घेतलीत?"

साहेबांनी विचारलं तेव्हा बाई हातमोजे काढत होत्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. दोन्ही बाटल्यांतलं पाणी सारखंच गुलाबी. पण निळ्या झाकणाची बाटली रिकामी होत आली होती आणि पांढऱ्या झाकणाची भरलेली तशीच होती.

"अगं बाई! निळी घेतली मी."

निळी म्हणजे सीरम घातलेली, पेशींच्या जेवणाची. आणि आज तर पेशींना जेवायला द्यायचंच नव्हतं.

या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी चपट्या बाटल्यांत वाढवत. पेशी ज्या पाण्यात राहतात त्यात त्या स्वतःच्या अंगातून बारीक कण सोडतात, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. त्या कणांत दुसऱ्या पेशींसाठी निरोप असतो: सूज आलीय, उतरव, फाटलंय, सांध. ते कण गाळून फुप्फुसाच्या रोग्यांना वाफेतून द्यायचे, अशी चाचणी चालू होती. पण सीरम येतं जनावराच्या रक्तातून, आणि त्यातही असले कण असतातच. ते मिसळले की सगळा घाणा वाया. म्हणून आधी दोन दिवस पेशी धुऊन पांढऱ्या झाकणाच्या नुसत्या पाण्यावर ठेवायच्या. कागदावर याला भलंमोठं नाव होतं. बोलताना सगळे 'उपाशी ठेवणं' म्हणत.

पेशींनी वापरलेल्या पाण्याला बाई 'उष्टं' म्हणत. पाहुण्यांसमोर तरी असं म्हणू नका, असं साहेबांनी विनवून झालं होतं. "उष्टंच आहे, तर काय नैवेद्य म्हणू?" बाई म्हणाल्या होत्या. पूर्वी पेशी ठेवत आणि उष्टं मोरीत ओतत. बाईंनी ते वर्षानुवर्षं ओतलं होतं. औषध त्यातच आहे असं कळलं, त्या संध्याकाळी त्यांनी घरी कबूल केलं, "अहो, मी आजवर औषध गटारात घातलं." यजमान खोकत खोकत हसले. "मग गावातल्या घुशी ठणठणीत असतील!"

पुढे चाचणी निघाली तेव्हा यजमानांची फुप्फुसं इतकी कडक झाली होती, की त्यांना नियमाप्रमाणे घेता येईना. बाई रोज औषध करत होत्या आणि ते घरी नेता येत नव्हतं. याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. बोलायला घरात होतंच कोण? यजमान, आणि त्यांना काय सांगायचं?

"हे सगळं टाकून द्यावं लागणार," साहेब म्हणाले. लेकाच्या वयाचा माणूस. बाईंनी चूक कधी केलीच नव्हती, त्यामुळे त्यांना रागवायचं कसं हे त्याला सुचेना. "रोगी काय, थांबतील आठवडाभर. त्यांना सवय असते..." आणि बाईंचे यजमान वॉर्डात आहेत हे आठवून त्याने जीभ चावली.

"पुन्हा लावते सगळं," बाई म्हणाल्या. "आज थांबते."

"तुम्ही घरी जा हो. काय झालंय?"

बाईंनी सांगितलं नाही. काल वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की यजमानांच्या नाकातल्या नळीतून दिलेलं अन्न आता उलटून छातीत जातंय. नळी काढलेली बरी. मग जे दिवस असतील ते शांत जातील. नाही काढली तर गुदमरणं वाढेल. त्यांनी आधी यजमानांनाच विचारलं. यजमानांनी मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाले, "खाण्यापिण्याचं खातं हिच्याकडे. हिला विचारा."

आयुष्यभराची थट्टा होती ती. पण आता खरंच बाईंनी हो किंवा नाही म्हणायचं होतं. "उद्या संध्याकाळी सांगते," असं म्हणून त्या निघून आल्या. सकाळी इथे आल्या आणि ज्यांना उपाशी ठेवायचं त्यांना पोटभर वाढून मोकळ्या झाल्या.

दिवसभर बाईंनी नव्या बाटल्या लावल्या. साहेब एकदा पाहुण्यांना समजावत होते, "उपाशी ठेवल्या की पेशी जास्त देतात, बरं का!" बाईंना ते वाक्य कधीच आवडलं नव्हतं. आज तर त्याची चीडच आली. देत असतील पेशी. माणूस उपाशी राहिला की उपाशी राहतो, दुसरं काही होत नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई वॉर्डाच्या दारातच भेटल्या. बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. "काढा," त्या म्हणाल्या. "त्यांना त्रास नको." आणि मग भिंतीकडे तोंड करून रडल्या. पाठीवर हात ठेवायला कुणी नव्हतं; डॉक्टरीणबाई आणि नर्स नळी काढायला आत गेल्या होत्या.

डोळे पुसून त्या कॉटशी गेल्या. नाकाची चिकटपट्टी निघालेली, तिथली कातडी लाल झाली होती. यजमान बऱ्याच दिवसांनी ओळखीचे दिसत होते.

"सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस." ते दम घेत राहिले. बाईंना वाटलं आता काहीतरी बोलतील, कदाचित विचारतील, किती दिवस. त्यांनी मनाची तयारी केली.

"जेवलीस का?"

"जेवले."

"काय?"

बाई त्यांची चादर सारखी करू लागल्या. सकाळपासून पोटात चहाच काय तो गेला होता.

"थापा मारू नकोस. जा, जेवून ये."

"नंतर जाईन. तुम्ही एकटे..."

"मी आहे इथंच. जा."

खाली कॅन्टीनमध्ये गर्दी नव्हती. बाईंनी ताट घेतलं, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. पहिला घास पाणी पिऊन उतरवला. मग दुसरा. मग तिसरा. घाई न करता त्या जेवत राहिल्या, आणि वाढणाऱ्याने अजून हवं का विचारलं, तेव्हा त्यांनी ताट पुढे केलं.