रानतुतीचा पेला

"पाणी आहे तसंच आहे, रस तेवढा संपलाय," नोएलिया दबक्या आवाजात म्हणाली.

बाबांना मातीत ठेवून आठवडाही झाला नव्हता. आमच्या डोंगरात नऊ दिवस फोटोपुढे पाण्याचा पेला ठेवतात. गेलेल्याला तहान लागते. आई तिचा रानतुतीचा रस न पिता त्याशेजारी नेऊन ठेवायची. दुपारपर्यंत तो पेला रिकामा व्हायचा.

"बाबांना रानतुती कधी आवडली गं?" मी म्हणाले. "जिवंतपणी तोंड वाकडं करायचे."

"चेष्टा नको, लिबिया. रस आईच्या पोटात जायला हवा."

आमच्या घराण्यात खूळ आहे. पंचेचाळिशीच्या आसपास माणूस विसरायला लागतं. आजी गेली, मामा गेला; आईलाही विसरायला लागून आता कित्येक वर्षं झाली. आम्हा दोघींची नावंही तिला आठवत नाहीत. शहरातून रक्त तपासायला येणारी नर्सबाई सहज म्हणाली होती, फळं द्या, झाला तर फायदाच. नोएलियाने ते नवसासारखं धरलं. शिवणकाम बाजूला टाकून रोज काटेरी झुडपांत हात घालून रानतुती तोडायची आणि आईला रस काढून द्यायची. आईने एकदा नावाने हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, चव्वेचाळिशीची.

आज मी राजमा निवडत स्वयंपाकघराच्या दारातच बसले. आईने पेला ठेवला आणि अंगणात जाऊन बसली. थोड्या वेळाने नोएलिया आली. फोटोपुढे थांबली, उभ्याउभ्या रस घटाघटा प्यायली, पेला जागेवर ठेवून निघून गेली. घटकाभराने परत आली.

"बघ, आजही रिकामा."

तिचे ओठ जांभळे होते. दातांत बिया अडकल्या होत्या.

"नोएलिया, तूच प्यायलीस."

"मी? आईच्या तोंडचं काढून घेईन मी?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला आठवतच नव्हतं.

तेवढ्यात आई अंगणातून उठून आली. तिने एप्रनच्या टोकाने नोएलियाचे ओठ पुसले. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"अगं, ही तर माझी नोएलिया," आई म्हणाली.

नोएलिया आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. "ऐकलंस ना? रसाचा गुण आला."

"आला हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तुती मी तोडली. गूळ घालून दोन पेले भरले, आईचा आणि नोएलियाचा. मग फळीवरून माझ्यासाठी तिसरा पेला काढला.