कँटनच्या वेशीवरचा अर्ज

होल्ट या अमेरिकन पेढीचा मी कारभारी, फुंग क्वाई-सांग. आचाऱ्यापासून हमालांपर्यंत सगळ्यांची उस्तवार माझ्याच गळ्यात. त्यात आमच्या तरुण होल्टसाहेबाला चोरून आमची चिनी बोली शिकवायची दुर्बुद्धीही मलाच सुचली. परदेशी माणसाला भाषा शिकवणाऱ्याची मान उडते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी तीन वर्षं भाजीच्या कोठारात बसून शिकवलं.

यंदा चहा भरलेलं जहाज नदीत बारा दिवस नुसतं उभं. जकातीचा परवाना येईना. परदेश्यानं अर्ज करायचा तो सरकारनं नेमून दिलेल्या आमच्या जामीनदार व्यापाऱ्यामार्फतच, आणि ते शेठ पोटदुखीचं निमित्त करून घरात बसलेले. मोसमाचा वारा फिरला की जहाज पुढच्या मोसमापर्यंत अडकलंच.

"फुंगकाका, मीच वेशीवर जाऊन अर्ज देतो," होल्ट म्हणाला.

"जा, पण मुकाट्यानं. आमचा एक शब्द तोंडातून निघाला तर माझी मान जाईल. कळतंय का?"

"कळतंय हो."

कसलं कळतंय. पालथ्या घड्यावर पाणी. मला चैन पडेना, म्हणून मीही मागोमाग गेलो.

वेशीवर जकातीचा अंमलदार टरबुजाच्या बिया सोलत बसला होता. त्यानं कागदाला हातसुद्धा लावला नाही. "शेठकडून येऊ दे," तो शिपायाला म्हणाला, "आणि या तांबड्या माकडाला हाकल." दोन तास हेच चाललं. शेवटी होल्टचं डोकं फिरलं आणि तो आमच्या बोलीत बोलायला लागला.

गाढवा, तुला सांगितलं काय होतं? पण खोटं कशाला बोलू, रागाच्या भरातही मनात आलं, काय बोलतोय गडी.

"परवाना मिळाला नाही, तर माझे खलाशी..." एवढं म्हणून तो अडला. पुढचं सुचेना. कोठारात अडला की बघायचा, तसा वळून माझ्याकडे बघायला लागला. तीन वर्षांची मेली सवय.

"वर्षभर घरी पोचायचे नाहीत," मी बोलून गेलो.

अंमलदारानं टरफल थुंकलं. आधी होल्टकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि हसून कागद हातात घेतला.

"परवाना आज मिळेल, साहेब. तुमचे मास्तर मात्र इथंच राहतील."