मधल्या पानाची भोकं

दोन हजार चार सालची गोष्ट. वडिलांच्या दोन खोल्यांच्या दुकानावरून बहीण-भावाचा दावा सहा वर्षं कोर्टात रखडला होता. बहीण पुस्तकबांधणी करायची, धाकटा भाऊ चष्मे विकायचा. त्याला पुढची खोली हवी होती आणि तिलाही तीच. तिथल्या खिडकीच्या उजेडाशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नसे, आणि शिवण थांबली की तिचं पोटच थांबलं.

न्यायाधीशांनी दोघांना मध्यस्थीला धाडलं. मध्यस्थबाई दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून आळीपाळीने भेटत. "इथलं तिथे सांगणार नाही. तुम्ही हो म्हणाल तेवढंच," हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिच्यापाशी बाई वीस मिनिटं बसल्या. भावाकडे तास उलटला. भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं, तशी तिच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणापासूनचा गोडबोल्या! गुंडाळलं वाटतं बाईंनाही.

बाई करारनामा घेऊन आल्या. पुढची खोली तिला, मागची भावाला. इतकं मनासारखं? तिला ते पचेना. सवयीने तिने आधी पिन उचकटून पानं उजेडात धरली. पहिल्या आणि तिसऱ्या पानाला पिनेची चार-चार भोकं, मधल्याला दोनच.

"हे पान बदललंय. काय काढलंत यातलं?"

"बदललंय खरं. पण ते सांगायची मला मुभा नाही."

"मग मी सही करत नाही. कोर्टच बरं!"

बाई भावाची परवानगी घ्यायला गेल्या, तर तो स्वतःच उठून आला. त्याने जुनं पान टेबलावर आपटलं. "घे ताई, वाच एकदाचं!"

त्यात, भावाच्या पहिल्या मागणीप्रमाणे, पुढची खोली त्याच्या नावे होती.

"मग बदललंस कशाला?"

"बाईंनी विचारलं, मागच्या अंधारात ताई सुई कशी ओवणार? तुझ्या चष्म्याचा नंबर माझ्याइतका कोणाला ठाऊक आहे?"

"आणि खिदळत काय होतास?"

"सांगत होतो, ताई सहीआधी कागद उजेडात धरणार म्हणून!"

तिने सही केली, पण सगळी पानं पुन्हा एकदा तपासूनच.

भावाने मागच्या खोलीला गल्लीकडून दार पाडलं आणि शेवटपर्यंत तिथेच धंदा केला. मध्यस्थबाई निवृत्त झाल्यावर आपली जुनी पुस्तकं बहिणीकडेच बांधायला आणत. बहीण शहात्तर वर्षांची होईपर्यंत खिडकीशी बसून शिवत राहिली, भावानेच केलेला चष्मा लावून. त्याचा नंबर मात्र दर वेळी दुसऱ्या दुकानात गुपचूप तपासून घ्यायची.